पंखाच्या नसा की पंखाच्या शिरा?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "फ्रान्समध्ये कोळशाच्या खाणीत सापडलेल्या मेगान्यूरा या नामशेष कीटकाबद्दल मुलांसाठी लिहिते आहे. 'पंखावरच्या नसांच्या जाळीवरून हा कीटक नवा असल्याचं ओळखलं' असं वाक्य केलं. मैत्रीण म्हणते, नसा नको, शिरा म्हण. पण शिरा म्हटलं की मला रक्त आठवतं, आणि दगडात रक्त कुठलं? शिवाय या नावाचा अर्थ 'मोठ्या मज्जातंतूंचा' असा दिलेला वाचला. मग बरोबर काय?"

ताई, मैत्रिणीचं ऐका. शिराच म्हणा.

रक्ताची अडचण आधी बाजूला करू. अळूवडी करताना आपण काय करतो? पान पालथं घालतो, मधली जाड शीर सुरीने तासून काढतो आणि उरलेल्या शिरांवरून लाटणं फिरवतो. घेवडा निवडतानाही 'शिरा काढून घे' असंच सांगतात. तिथे कुणाच्या मनात रक्त येत नाही. पानाला ताठ धरणारी, बोटाला लागणारी उंच रेघ म्हणजे शीर, हा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरात आहे. शाळेच्या विज्ञानातही पानांचा 'शिराविन्यास' शिकवतात, समांतर आणि जाळीदार. वहीत ठेवलेल्या पिंपळपानाचा हिरवा भाग झडून उरते ती जाळी शिरांचीच. कीटकाच्या पंखाला हा शब्द लावायला आपल्याला कुठे उसनवारी करावी लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर रक्ताचा अर्थही इथे चुकत नाही. कीटकाच्या पंखातली शीर पोकळ नळी असते. तिच्यातून त्याचं फिकट रक्त फिरतं, मोठ्या शिरांतून हवेची बारीक नळी जाते आणि चेतातंतूही जातो. चरकसंहितेत सिरा या शब्दाची फोड 'सरणात् सिराः' अशी केली आहे, म्हणजे जिच्यातून सरतं, वाहतं ती सिरा. पानाला ताठपणा देणारी आणि आतून वाहणारी, हे दोन्ही अर्थ एका मराठी शब्दात मिळतात आणि पंखाला दोन्ही लागू पडतात. मला या शब्दाचं हेच फार आवडतं.

आता दगडाकडे. कीटकाचं मऊ अंग लवकर कुजतं, पण पंख कोरडा आणि चिवट असतो, त्याच्या अंगावरच्या कवचाच्याच द्रव्याचा. म्हणून पुष्कळदा जीवाश्म म्हणून एकटा पंखच हाती येतो, आणि तो कुणाचा हे शिरांवरून ठरवावं लागतं. कोणत्या शिरेला कुठे फाटा फुटतो, कोणती कुणाला मिळते, मधल्या आडव्या शिरा किती, हे सगळं रेखाटून काढतात. १८९८ साली अमेरिकेत कॉमस्टॉक आणि नीडहॅम या कीटकशास्त्रज्ञांनी मुख्य शिरांना सगळ्या कीटकांसाठी एकच नावं लावायची पद्धत मांडली. कोस्टा म्हणजे बरगडी, क्युबिटस म्हणजे कोपर, अशी ती लॅटिन नावं आहेत. त्यांचं मराठी करू नये असं माझं मत आहे. 'कोपरशीर' वाचून मूल पंखात कोपर शोधत बसेल.

पण हातातलं अळूचं पान अजून खाली ठेवू नका. त्याची जी शीर मागून उंच लागते, तिच्याच जागी पुढून बोट फिरवलं तर बारीक चर लागतो. पुरातन कीटकांच्या पंखात शिरा आळीपाळीने वर आणि खाली असतात, कागदाच्या घड्यांच्या पंख्यासारख्या. उठावाची शीर कोणती आणि खोलगट कोणती, यावरूनच ती शीर ओळखतात, आणि रेखाटनात तिच्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह घालतात. दगड दुभंगला की एका फाळक्यावर ठसा आणि दुसऱ्यावर त्याचा उलटा ठसा मिळतो. पहिल्यात उंच दिसते ती शीर दुसऱ्यात खोल. म्हणून आधी आपल्यासमोर पंखाची कोणती बाजू आहे हे ठरवावं लागतं, आणि दिवा वरून न धरता बाजूने तिरपा धरतात, म्हणजे सावल्या पडून शिरा उठून दिसतात. 'नसा उठून दिसतात' म्हणून पाहा. माणसाचा हात डोळ्यांपुढे येतो. 'नस' हा शब्द आता 'दुखरी नस', 'नस दबली' अशा दुखण्याकडे झुकला आहे. नाडी म्हणावं, तर ती वैद्याच्या बोटाखाली किंवा लेंग्यात.

आता नावाचं. कोमांत्री इथल्या खाणीतल्या या कीटकाला शार्ल ब्रोंन्यार या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये मेगान्यूरा हे नाव दिलं. वय सुमारे ३० कोटी वर्षं, पसरलेले पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ दीड हात. नावातला 'न्यूरॉन' हा ग्रीक शब्द आज मेंदूच्या पेशीला लावतात, म्हणून कुणीतरी मज्जातंतू केलं असणार. मुळात त्याचा अर्थ कंडरा, दोरी, धनुष्याची तात असा होता. संस्कृतातले स्नावन् आणि स्नायु हे शब्द त्याचे सख्खे नातलग. सुश्रुतसंहितेत ७०० सिरा आणि ९०० स्नायू मोजले आहेत, आणि फळ्यांची नाव जशी बंधनांनी बांधलेली म्हणून भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे असं म्हटलं आहे. म्हणजे तिथे स्नायू ही बांधणारी दोरी. आपण मात्र आज मांसाच्या गोळ्याला स्नायू म्हणतो. शब्द असे सरकतात. पंखाच्या शिरांना 'न्यूरॉन'वरून नाव द्यायची रीतही जुनीच: १७५८ साली लिनियसने चतुरांसकट जाळीदार पंखांच्या कीटकांचा जो गट केला, त्याचं नाव न्यूरॉप्टेरा. तेव्हा मेगान्यूराचा अर्थ 'मोठ्या शिरांचा' असाच घ्या. ब्रोंन्यारनी पंखाकडे बघून नाव ठेवलं, मेंदूकडे नाही.

लिहिताना एवढं सांभाळा: एकवचन शीर, त्यात शी दीर्घ. अनेकवचन शिरा, आणि विभक्ती लागली की शिरेला, शिरांवर, इथे शि ऱ्हस्व. रव्याचा शिरा पुल्लिंगी, ही स्त्रीलिंगी; वाक्यात 'या शिरा', 'बारीक शिरा' आलं की गोंधळ होत नाही.

न विचारलेलं एक सांगतो. त्याला 'राक्षसी चतुर' म्हणण्याचा मोह होईल. आजच्या चतुराच्या आणि टाचणी नावाच्या त्याच्यासारख्याच सडपातळ कीटकाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर साधारण मध्यावर एक खाच-सांधा असतो, आणि टोकाजवळ बहुधा एक गडद ठिपका. मेगान्यूराच्या पंखात हे दोन्ही नाहीत. तो चतुराचा लांबचा भाऊबंद, चतुर नव्हे. 'चतुरासारखा' म्हटलंत तर मुलांना चित्रही दिसेल आणि चूकही होणार नाही.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'दगडात उमटलेल्या पंखावरच्या शिरा एकेक करून तपासल्या, तेव्हा हा चतुरासारखा दिसणारा कीटक आजवर कुणाला माहीत नव्हता हे कळलं.'