मुक्काम पोस्ट कारैकुडी

गेल्या महिन्यात सुट्टीतल्या मुक्कामांबद्दल लिहिताना मी तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावरच सर्वांत जास्त पत्रं आली. म्हणून यावेळी सगळे प्रश्न तिथलेच.

जानेवारीत आई-बाबांना घेऊन मदुराई-रामेश्वर करायचं आहे. दोघंही सत्तरीपुढचे. हॉटेलं सगळीकडे सारखीच, तीच पांढरी चादर आणि तोच बुफे. राहण्याचीच मजा येईल असं त्या बाजूला काही आहे का? (ठाणे)

आहे. मदुराईहून गाडीने साधारण दोन तासांवर कारैकुडी. चेट्टिनाडचं हे मुख्य गाव, आणि आजूबाजूला सत्तरेक गावं विखुरलेली. रामेश्वर, कारैकुडी, मदुराई असा त्रिकोण छान जमतो. चेन्नईवरून येणार असाल तर पल्लवन एक्सप्रेस थेट कारैकुडीला सोडते.

ही गावं नाट्टुकोट्टै चेट्टियारांची. सावकारी आणि व्यापार करणारा हा समाज एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेश, श्रीलंका, मलायापर्यंत पसरला आणि कमावलेला पैसा त्यांनी गावाकडच्या घरांत ओतला. ब्रह्मदेशचं सागवान, इटलीचा संगमरवर, बेल्जियमचे आरसे. घर एका रस्त्यावर सुरू होतं आणि मागच्या रस्त्यावर संपतं. पुढे ओटा, मग मोठा चौक, त्याच्या दोन्ही अंगांना लग्न झालेल्या प्रत्येक मुलाची एकेक खोली, मागे जेवणाचा चौक, त्याच्याही मागे स्वयंपाकघराचा. आपल्या चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथं वाट विचारावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश हातचा गेला, पैशाचा ओघ आटला, मुलं चेन्नईला आणि परदेशी गेली. हजारो घरं कुलपात राहिली. त्यातल्या मोजक्या घरांत आता पाहुणे ठेवतात.

कारैकुडीतलं ‘द बंगला’ मला जेवणासाठी सर्वांत प्रिय. इथं केळीच्या पानावर वाढतात आणि वाढणाऱ्याला ‘पुरे’ पटकन कळत नाही. कानाडुकातानमधलं ‘विशालम’ वडिलांनी मुलीसाठी बांधलेलं घर. कडियापट्टीचं ‘चिदंबर विलास’ थाटामाटाचं, फोटो काढणाऱ्यांचं. कोत्तमंगलमचं ‘शारदा विलास’ दोन फ्रेंच वास्तुरचनाकारांनी सावरलं, आणि जुन्या घराला नवं न्हाणीघर कसं जोडावं हे पाहायचं असेल तर तिथंच जा. मी इंटिरिअरचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष आधी नळाच्या पाइपांकडे जातं. तुमचं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आई-बाबांसाठी एवढंच सांगते. खोली तळमजल्यावरचीच मागा, जुन्या घरांचे उंबरे उंच आणि जिने चढे असतात. दोन रात्री तरी राहा. आणि दुपारी कुठेही जाऊ नका. लोक सकाळी येतात, दहा घरं पाहतात, संध्याकाळी मदुराईला परत. त्यांना ही घरं कळतच नाहीत. बारा वाजता बाहेर रस्ता तापलेला असतो आणि चौकाच्या कडेच्या सोप्यात पंखा बंद करावासा वाटतो. जाड भिंती, चौकातून वर निघून जाणारी गरम हवा, पायाखाली गार फरशी. हे सगळं आरामखुर्चीत पडूनच समजतं.

आम्ही शाकाहारी. चेट्टिनाड म्हणजे जहाल तिखट कोंबडी, एवढंच माहीत आहे. उपाशी राहू का? (नाशिक)

तुम्ही जे ऐकलंय ती आपल्याकडच्या हॉटेलांतली लाल ग्रेव्ही. तिच्यावरून चेट्टिनाड ठरवणं हा त्या स्वयंपाकावर अन्यायच आहे. तिथल्या मसाल्यात मिरीचा आणि बडीशेपेचा अंमल जास्त, चक्रीफूल असतं आणि दगडफूल तर हमखास. आपल्या गोड्या मसाल्यातलं तेच दगडफूल. त्यामुळे पहिल्या घासाला अनोळखी वाटलेली भाजी दुसऱ्या घासाला ओळखीची वाटू लागते.

शाकाहाऱ्यांची चंगळ आहे. सकाळी वेल्लै पणियारम मागा. तांदूळ आणि उडदाचं पीठ पळीने तेलात सोडून तळलेला पांढराशुभ्र, कडेने कुरकुरीत, मधे मऊ वडा, सोबत लाल मिरचीची झणझणीत चटणी. कुळी पणियारम म्हणजे आपले अप्पेच, पात्रसुद्धा तसंच, तेव्हा त्यासाठी पोटात फार जागा अडवू नका. दुपारी भेंडीची मंडी: तांदळाच्या धुवणात चिंच घालून शिजवलेली भेंडी. वाचायला बेचव वाटेल, पण मी पानावर दुसऱ्यांदा मागते ती भाजी हीच. केळफुलाचे वडे मिळाले तर सोडू नका.

आणि कवुनी अरिसी. काळा चिकट तांदूळ रात्रभर भिजवतात, सावकाश शिजवतात, वरून साखर आणि ओलं खोबरं. रंग जांभळट काळा, चव खिरीसारखी गोड नाही, थोडी दाण्याची. हा तांदूळ व्यापाऱ्यांबरोबर ब्रह्मदेशातून आला असं तिथं घरोघरी सांगतात. एक व्यवहाराची गोष्ट: जेवण पाहुणे मोजून शिजतं. आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन वेळी गेलात तर हात हलवत परत याल.

नवं घर बांधतोय. चेट्टिनाडच्या त्या रंगीत फरश्यांचे फोटो पाहून बायको हट्टाला पेटली आहे. बसवाव्या का? (कोल्हापूर)

बायकोची निवड चांगली आहे. पण आधी फरशी कशी बनते ते समजून घ्या, म्हणजे कुठं बसवायची ते आपोआप कळेल.

या फरश्या अत्तंगुडी गावात बनतात. काचेचा चौकोन घेतात, त्यावर धातूचा नक्षीचा साचा. साच्याच्या प्रत्येक कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ घोळ पळीने ओततात. साचा उचलला की रंग आपापल्या जागी उभे राहतात. हा क्षण बघायला तरी अत्तंगुडीला जा. मग वर कोरडं सिमेंट आणि वाळू भुरभुरतात, त्यावर ओला माल भरून सपाट करतात. वाळली की पाण्यात मुरवतात आणि शेवटी काच सुटते. भट्टी नाही, वरून झिलई नाही. जी चकाकी दिसते ती काचेची देणगी.

म्हणजेच ही फरशी आहे सिमेंटची. लिंबू, व्हिनेगर, अॅसिड पडलं की डाग बसला. तेव्हा ओट्याजवळ आणि न्हाणीघरात नको. बैठक, देवघर, झोपाळ्याची पडवी इथं शोभेल. पहिले काही महिने ती मंद दिसते, तेव्हा गवंड्याला पॉलिश मशिन लावू देऊ नका. खोबरेल तेलाचा हलका हात आणि रोजचं ओलं पुसणं, दोन-चार वर्षांत ती खुलते. सिरॅमिकपेक्षा जाड असते म्हणून दारांच्या उंचीचा हिशोब आधीच करा. हाताचं काम आहे, प्रत्येक फरशीत उन्नीस-बीस असणारच. ज्यांना ते खटकतं त्यांनी छापील टाइल घ्यावी आणि सुखी राहावं.

ट्रकने कोल्हापूरपर्यंत आणताना मोडतोड होते, दहाएक टक्के जास्त मागवा. आणि तमिळनाडूपर्यंत जायचंच नसेल तर मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून सिमेंटच्या नक्षीच्या फरश्या बनवते. नमुने त्यांचेही बघा. अख्खं घर मात्र रंगीत करू नका. एक खोली नक्षीची, बाकी साधा लाल कोबा.

एक दिवस जास्तीचा आहे. तंजावर करावं का? (सातारा)

करा, शंभरेक किलोमीटर आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी लेख आहे, तो गाइडला आवर्जून विचारा. सरस्वती महाल ग्रंथालयही बघा. मुक्काम मात्र कारैकुडीलाच ठेवा.

कारैकुडीत जुन्या वस्तूंचा बाजार आहे म्हणे. काय आणावं? (पुणे)

मुनीश्वरन कोविल रस्त्यावर दुकानांची रांग आहे. एनॅमलचे डबे, पितळी भांडी, जुन्या छापील तसबिरी, चिनी मातीच्या बरण्या. भाव करा, निम्म्यापासून सुरू करा. पण कोरीव दार, खांब, तुळया यांच्याकडे मी वळूनही पाहत नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही आणून देत नाही. एकेका घराला आज पन्नासपन्नास वारस असतात. एकमत होत नाही, छप्पर गळतं, आणि मग कुणीतरी घर खांबाखांबाने विकतं. तुमच्या दिवाणखान्यातला तो सुंदर खांब म्हणजे तिथलं एक घर कमी. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ही गावं २०१४ मध्ये आली, पण यादीने छप्पर शाकारलं जात नाही. मुक्कामाच्या भाड्याने जातं. म्हणून दाराचे पैसे राहण्यावर उधळा, आणखी एक रात्र राहा.

आणायचंच असेल तर ताडाच्या पानांच्या कोट्टान टोपल्या आणा, वजन नाही. आणि कंडांगी साडी. कारैकुडीच्या मागावरची जाड सुती, मोठ्या चौकड्यांची, मोहरी, विटकरी, काळा असे ठसठशीत रंग. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानातली पातळ, झुळझुळीत ‘कंडांगी’ बाजूला ठेवा, हातात घेतल्यावर वजन जाणवतं तीच उचला. पहिली एक-दोन धुणी वेगळी.