डोळे आता कोणी आखायचे?

प्रश्न: मी लालबागचा, वय 58. मिसरूड फुटल्यापासून गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. काठी घेऊन चालतो, पण हात लुळाच आहे. बोलणं शाबूत. सुनेने रंग भरायचं पुस्तक आणून दिलंय, म्हणते जीव रमेल. डाव्या हाताने मारलेल्या माझ्या रेघेपेक्षा नातवाची रेघ बरी. कारखान्याच्या गल्लीतून जायचंही टाळतो. या चित्रकलेचा खरंच उपयोग असतो, की माणसाला गप्प बसवायची ही युक्ती? (पत्र सून लिहितेय. शेवटचं वाक्य ती गाळत होती, मी घालायला लावलं.)

उत्तर: रंगारीदादा, ते वाक्य घालायला लावलंत, झकास केलंत. आधी पुस्तकाचा निकाल लावू. ते नातवाला देऊन टाका. जन्मभर रेघ आखलेल्या माणसाने दुसऱ्याच्या रेघेत रंग कशाला भरत बसायचं? सूनबाईंनी रागावू नये, त्यांची माया कळते.

मला पोलिओ झाला तेव्हा मी कळत्या वयाचीही नव्हते. पायात कॅलिपर, त्यामुळे नजर कायम खाली: कुठे लादी उचकटलीय, कुठे गटाराचं झाकण वर आलंय. मला माणसांच्या चपला आधी दिसतात, चेहरे नंतर. लोकलच्या अपंगांच्या डब्यात बसून मी चपलाच काढत आले. अंगठा तुटलेली, सेफ्टी पिनवर तगलेली. एका पायात बूट नि दुसऱ्या बँडेजवाल्या पायात रबरी स्लीपर. टाच कुठल्या बाजूने झिजलीय त्यावरून माणूस भार कुठे टाकतो ते कळतं. हे इतरांना दिसत नाही आणि मला दिसतं, ते दाखवायची खुमखुमी होती, म्हणून काढल्या. जीव आपोआप रमला. पुढे कोणीतरी माझ्या 'जिद्दी'चा सत्कार ठेवला. व्यासपीठाला रॅम्प नव्हता. चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि शाल घातली! असल्या कौतुकापासून सावध राहा.

तुमची अडचण मला वेगळीच दिसते. उजव्या हाताचं काम तुम्ही डाव्याकडून जसंच्या तसं मागताय. फ्रान्सचा चित्रकार मातिस 1941 साली पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बराचसा अंथरुणाला नि चाकाच्या खुर्चीला खिळला. मग त्याने कात्री धरली. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, हा आकार कापायचा आणि कुठला तुकडा भिंतीवर कुठे टाचायचा ते बसल्या जागेवरून सांगायचा. शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी 1957 मध्ये पूर्ण गेली. त्यानंतरही ते कागद कापून चित्रं करत राहिले आणि 1972 मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल उभं केलं. दोघांनीही हत्यार बदललं.

तेव्हा डाव्या हाताने डोळा काढायला जाऊच नका. जाडा ब्रश घ्या, दांड्यावर फोमची नळी चढवा म्हणजे पकड येईल. मोठा कागद चारी बाजूंनी टेपने टेबलाला चिकटवा. उजवा हात खाली लोंबू देऊ नका, टेबलावर नजरेसमोर ठेवा. खांदा दुखला की थांबा. सोंड काढा, कान काढा, खांद्यातून हात फिरेल असे मोठे आकार. बाकीचं ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं पुन्हा कशी करायची ते शिकवणारे) शिका. तुमच्या शेजारीच, परळच्या केईएम रुग्णालयात, कमलाबाई निंबकरांनी 1950 साली या विषयाचं शिक्षण सुरू केलं.

आणि डोळे? ते आता तोंडाने आखायचे. तुम्ही पोरांना कधी शब्दात सांगितलं असेल असं वाटत नाही. हातच बोलायचा, सांगायची गरज काय होती? उंच मूर्तीची नजर किती खाली उतरवली की मंडपाच्या दारातल्या माणसावर पडते? दोन्ही बुबुळं जुळलीत हे कुठे उभं राहून तपासायचं? पापणीची रेघ ओढताना श्वास कुठे रोखायचा? नातवाला पेन्सिल द्या, तुम्ही सांगा, तो काढेल. चुकेल तिथे 'का चुकलं' ते सांगावं लागेल. तिथेच तुमच्या गोष्टी निघतील: ऐन वेळी नाक बदलायला लावणारा कार्यकर्ता, पावसात रंग सुकेना म्हणून जागलेली रात्र. सूनबाई, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. मधल्या शिव्या पुसू नका.

एक मात्र रंगांवर सोडू नका. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील (तुम्ही गल्ली टाळताच आहात), तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाज कसली त्यात.

मग कामाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यात जा. मालकाला सांगा, दाराशी एक खुर्ची हवी आणि आखणी शिकायला दोन पोरं. रोजाचा दर आधी ठरवा. फुकट शिकवू नका.