विनोदी मालिकेचा लेखक पुढे निर्माता-दिग्दर्शक कसा होतो?

अमेरिकी टीव्हीत ही वाट लेखकांच्या खोलीतूनच जाते, म्हणजे मालिकेचे सगळे लेखक मिळून भाग लिहितात तिथून. आधी स्टाफ रायटर, मग स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर. यातली बरीच 'प्रोड्यूसर' मंडळी पैसे उभे करत नाहीत, ती लेखकाच्याच बढतीची पदं आहेत. सगळ्यात वर शोरनर, म्हणजे मालिकेचा प्रमुख. लिखाण, कास्टिंग, बजेट, एडिटिंग, सगळं शेवटी त्याच्या गळ्यात.

खरं शिक्षण टेबल रीडला होतं, म्हणजे शूटिंगआधी टेबलाभोवती बसून होणाऱ्या संहितेच्या वाचनाला. कलाकार वाचतात, पंच (हशाची ओळ) येतो आणि कोणीच हसत नाही. नवखा लेखक पंचच बदलत बसतो. दोष बऱ्याचदा दोन पानं आधी असतो: पात्राला नेमकं काय हवंय, हेच कळलेलं नसतं. किंवा हशाचा शब्द वाक्याच्या मध्येच येतो आणि उरलेलं वाक्य हशा गिळतं. तो शब्द शेवटी न्या, पुन्हा वाचून घ्या.

दिग्दर्शनाची संधी बहुधा आपल्याच मालिकेच्या एखाद्या भागावर मिळते. अमेरिकेचे गॅरी मार्शलही आधी लेखक, मग 'हॅपी डेज' या विनोदी मालिकेचे (१९७४) निर्माते, पुढे चित्रपट दिग्दर्शक. लेखक दिग्दर्शनाला बसला की बोलणाऱ्यावरच कॅमेरा ठेवतो, ही नेहमीची चूक. विनोद बऱ्याचदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फुटतो. तो क्लोजअप सेटवरच घेऊन ठेवा. एडिटिंगला बसल्यावर तो कुठूनही आणता येत नाही.