दोरीपलीकडची वाळू

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन सँडी हूकच्या किनाऱ्यावर गेलो असता वाळूचा मोठा पट्टा खांब आणि दोऱ्या लावून बंद केलेला आढळला; आत मात्र काहीच दिसत नव्हते. कडेने चालताना चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा एक पक्षी पंख फरफटत आमच्यापुढे पळू लागला. तो जखमी आहे असे समजून मुलगा त्याच्या मागे धावला, तेव्हा तेथील स्वयंसेवकाने त्याला परत बोलावले आणि आमचा पतंगही गुंडाळायला लावला. एवढा बंदोबस्त कशासाठी? ही घरटी पाहायची कशी? आणि कोकणच्या पुळणीवर असे काही का दिसत नाही?

उत्तर : आपल्याला दिसलेला पक्षी बहुधा पायपिंग प्लोव्हर असावा. आपल्याकडे या कुळातील पक्ष्यांना चिखल्या म्हणतात. त्याचा पंख मोडलेला नव्हता. अंडी किंवा पिल्ले जवळ असली की तो जखमी असल्याचे सोंग करून येणाऱ्याला आपल्या मागे ओढत नेतो आणि पुरेसे दूर नेल्यावर सहज उडून जातो. आपली टिटवी आरडाओरडा करून, डोक्यावर झेपावून माणसाला हाकलते; हा पक्षी तेच काम अभिनयाने साधतो. मुलगा त्याच्या मागे धावला हे एका अर्थी पक्ष्याला हवेच होते, पण तेवढा वेळ अंडी उघडी राहिली, हे विसरता येत नाही.

आत काहीच दिसत नव्हते, यातच त्या घरट्याची खुबी आहे. भरतीरेषेच्या वर, उघड्या वाळूत नर छातीने व पायांनी उथळ खळगे करतो. त्यांतला एक मादी निवडते आणि कधी कधी त्यात शिंपल्यांचे तुकडे पसरले जातात. अंडी सहसा चार, वाळूच्या रंगाची आणि बारीक काळ्या ठिपक्यांची असतात. ती एक दिवसाआड घातली जातात, म्हणजे चार अंड्यांना जवळजवळ आठवडा लागतो. पुढे नर-मादी आळीपाळीने सुमारे 28 दिवस ती उबवतात. उबवणे म्हणजे केवळ ऊब देणे नव्हे, कारण उन्हाने वाळू तापली की अंड्यांवर सावली धरणे हेही त्यांचे कामच असते. उधाणाच्या पाण्याने अंडी गेली तर जोडी पुन्हा नवी अंडी घालते. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीची गोष्ट आपण ऐकलेली आहेच. हा पक्षी तेवढे मनावर घेत नाही, पण त्याचा हंगाम मात्र लांबतो आणि दोऱ्या ऑगस्टपर्यंत राहू शकतात.

पतंगाची बंदी अनेकांना अतिरेकी वाटते. परंतु वर तरंगणारा पतंग या पक्ष्याला ससाण्यासारखा भासतो आणि तो अंडी सोडून उठतो. म्हणूनच अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यासाठी ठरवलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरट्याभोवती 50 मीटर जागा मोकळी ठेवावी आणि वीण होणाऱ्या जागेपासून 200 मीटरच्या आत पतंग उडवू नये, असे सांगितले आहे. 1986 मध्ये या पक्ष्याला तेथे कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा अटलांटिक किनाऱ्यावर त्याच्या सुमारे 790 जोड्या होत्या. अलीकडे ही संख्या दोन हजारांवर गेली आहे. माझ्या मते या दोऱ्यांचे मोल त्यावरून कळावे.

पाहण्यासाठी दुर्बीण घेऊन सकाळी लवकर जावे, दोरीबाहेर ओल्या वाळूवर एका जागी बसावे आणि कुत्र्याला घरीच ठेवावे. शिळे खाद्यपदार्थ तर मुळीच टाकू नयेत, कारण त्यांवर येणारे कुरव आणि कोल्हे पुढे अंड्यांकडे वळतात. पक्षी शिट्टीसारखा आवाज वारंवार काढू लागला, घरट्यावरून उठून इकडेतिकडे धावू लागला किंवा पंख फरफटू लागला, तर आपण फार जवळ आहोत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. जूनमध्ये विशेष जपावे लागते, कारण पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच घरटे सोडतात आणि किडे टिपायला स्वतः पाण्याच्या कडेला येतात. त्यांना दोरी कळत नाही. धोका वाटला की ती जागच्या जागी दबून बसतात, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत आणि गाडीच्या चाकांच्या चाकोरीत अडकली तर बाहेरही पडू शकत नाहीत. उडायला त्यांना जवळपास महिना लागतो.

कोकणाविषयी थोडक्यात सांगायचे तर, हिवाळ्यात तेथे थव्याने दिसणारे बहुतेक चिखले आणि तुतवार हे उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात. त्यांची वीण तिकडेच होते आणि येथे ते केवळ खाऊन परतीच्या प्रवासाची शिदोरी साठवतात. गावी उन्हाळ्यात गेलात तर किनाऱ्यालगतच्या मोकळ्या माळावर टिटवी शोधावी. तिची चार अंडीही उघड्या जमिनीवरच असतात आणि ती ओरडू लागली की आपण किती जवळ गेलो हे निराळे सांगावे लागत नाही.