वेटलिफ्टिंगमध्ये पुन्हा पुन्हा दुखापत होते, तुम्ही लोक हे सहन कसं करता?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं नेमाने वेटलिफ्टिंग करताय, आठ महिन्यांत उजवा खांदा दोनदा गेला, जिल्हा स्पर्धा हुकली, बरोबरीची मुलं पुढे निघून गेली. परत बार हातात घेतला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच दुखणं. मग विचारलंय, सहन कसं करता?

सहन वगैरे मी फारसं केलं नाही. चिडलो, घरी खोटं बोललो, एकच मूर्खपणा दोनदा केला, मग कुठे ताळ्यावर आलो. तेवढंच सांगू शकतो. मी डॉक्टर नाही. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, वय ४१. स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर) ८८ किलो आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) ११२, हा माझा आयुष्यातला कळस. तुमच्याकडची मुलं एवढं वॉर्मअपला उचलत असतील.

नोव्हेंबर २०१६. दिवाळीचा फराळ अंगावर, रात्रपाळी, झोप चार तास. क्लीनचा तिसरा सेट, १०० किलो, म्हणजे रोजच्या ओळखीचं वजन. बार गुडघ्याच्या वर आला आणि कमरेत कोणी खुंटी ठोकावी तसं झालं. बार सोडला आणि त्याच्याशेजारी मीही बसलो. घरी रिक्षात आडवा होऊन आलो.

आईचं निदान तयार होतं: उसण भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या वाड्यातल्या पायाळू काकूंना बोलावलं. त्यांनी पदर खोचून माझ्या कमरेला तीनदा डावा पाय लावला आणि "आता पाणी पी" म्हणाल्या. लाथ खाऊन वर पाया पडण्याची माझी ती पहिलीच वेळ. उतार काही पडला नाही, पण हसू आलं आणि हसताना कळ गेली डोक्यापर्यंत.

एमआरआयमध्ये निघालं, कमरेच्या तळाशी दोन मणक्यांमधली (एल-५ एस-१) चकती बाहेर आलेली. एका मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "वजन उचलणं विसरा. पिशवीसुद्धा पाच किलोच्या वर नको." तेव्हा मी ३१ वर्षांचा. दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी रडलो होतो, हे माझ्या बायकोला आज हे वाचून कळेल.

मग पहिला मूर्खपणा. आठ आठवडे पडून काढले, दुखणं गेलं, आणि "बघू तरी" म्हणून थेट ९० किलोला हात घातला. उचललंही. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची लेस बांधता येईना. परत सहा आठवडे. परत "बघू तरी", या वेळी ८०, परत लेस. तुमचा तिसरा-चौथा आठवडा वाचला तेव्हा हेच डोळ्यांपुढे आलं.

याचं कारण मला एका फिजिओबाईंनी समजावलं, आणि ते कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझं अख्खं वर्ष वाचलं असतं. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो काही आठवड्यांत ताकद परत मिळवतो. स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, टेंडन, त्याला रक्त कमी, त्याचं काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्नायू म्हणतो "मी तयार", दोर अजून कच्चाच असतो, आणि स्नायूच्या जोरावर तुम्ही दोराला न झेपणारं वजन उचलता. तुमच्या खांद्यात नेमकं काय बिघडलंय ते तपासणाराच सांगेल. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर असतं, एवढं माझ्याकडून घ्या. गोळी खाऊन सराव करत असाल तर तो आजच थांबवा. कुठे थांबायचं हे सांगणारा एकच निरोप्या आहे, त्याचंच तोंड बांधल्यासारखं होतं ते.

बाईंनी माझा एमआरआय पाकिटातून काढलासुद्धा नाही. म्हणाल्या, "भाई, मारे एमआरआयनो इलाज नथी करवानो, तमारो करवानो छे." (मला इलाज एमआरआयचा नाही, तुमचा करायचाय.) मला तो उद्धटपणा वाटला. नंतर वाचलं की २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,००० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांच्या चकतीला फुगवटा होता, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या. आणि यांतल्या कोणाची पाठ दुखत नव्हती! म्हणजे फिल्ममध्ये दिसलेलं सगळंच दुखतं असं नाही. (उलट बाजूही सांगून ठेवतो. पाय लुळा पडत चालला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.)

त्यांची पद्धत साधी होती. शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर व्यायाम करताना दुखणं तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामाआधी होतं तिथेच परत आलं पाहिजे. आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर वजन उतरवायचं. माझी सकाळची परीक्षा म्हणजे लेस. त्यासाठी एक शंभर पानी वही केली. पहिले पंधरा दिवस झाडूचा दांडा पाठीला लावून फक्त कमरेतून वाकायचं. माझा पुतण्या बघून म्हणाला, "काका, झाडू उचलायची स्पर्धा आहे का?" मग रिकामा बार, २० किलो. मग आठवड्याला अडीच किलो. हिशेब करा, २० वरून १०० ला जायला अडीच-अडीचने ३२ आठवडे लागतात. मध्ये उत्तरायण आलं, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, दोन दिवस गच्चीवर मान वर करून पतंग उडवले आणि तीन आठवडे मागे गेलो. एकूण अकरा महिने लागले.

या अकरा महिन्यांत खरी झुंज कंबरेशी नव्हतीच. मी रिकामा बार घेऊन स्क्वॉट (बारसकट बैठका) करायचो आणि बाजूच्या रॅकवर ज्याला मी बार धरायला शिकवलं तो पोरगा १२० मारायचा. कोणी नवीन मुलगा यायचा आणि मला प्रेमाने सांगायचा, "अंकल, पाच-पाच किलोच्या प्लेटा लावा, घाबरू नका." ते शब्द पचवायला मला अडीच किलोपेक्षा जड गेलं. पहिल्या महिन्यात मी वेळ बदलली, दुपारी अडीचला जायला लागलो, कोणी नसतं तेव्हा. मग दांड्या पडायला लागल्या. मग घरी सांगायचं जिमला चाललो आणि बसायचं सुरसागर तलावाच्या काठावर चहा पीत.

तिथून बाहेर काढलं आजोबांच्या एका वाक्याने. आमचं घर दांडिया बाजारातलं. आजोबा तरुणपणी तिथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, प्रोफेसर माणिकरावांचा तो आखाडा. लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० याच माणिकरावांच्या हाताखाली शिकले. माणिकराव हाडं बसवण्यातही नावाजलेले होते, म्हणजे शिकवणाराही तोच आणि मोडलेलं नीट करणाराही तोच. आजच्या जिममध्ये ही सोय नाही. तिथे मोडलेला माणूस दिसला की लोक नजर चुकवतात, जणू लागण होईल. आजोबा म्हणायचे, हात मोडलेला पोरगासुद्धा संध्याकाळी आखाड्यात आलाच पाहिजे, असा वस्तादांचा दंडक असायचा. जोर नाही मारता येत ना, बैठका मार. बैठका नाही येत, माती उकर. तेही जमत नसेल तर बसून दुसऱ्याचे जोर मोज.

मी परत माझी जुनी वेळ धरली, संध्याकाळी साडेसहा, सगळे असतात तेव्हा. तुम्हालाही माझं सांगणं हेच आहे, बाकी सगळं याच्या मागून येतं. वजन सोडा, वेळ सोडू नका. तुमचा उजवा खांदा गेलाय ना? पाय शाबूत आहेत, पाठ शाबूत आहे, डावा हात शाबूत आहे. त्या डाव्या हाताला कामाला लावा, कारण एका हाताच्या सरावाने दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते. हे १८९४ साली येल विद्यापीठात पहिल्यांदा मोजलं गेलं आणि त्यानंतर कितीतरी वेळा पडताळलं गेलंय. प्लॅस्टरमधल्या हाताची ताकदसुद्धा यामुळे कमी उतरते. खांद्यावर बार घेताना दुखत असेल तर फिजिओला विचारून दुसऱ्या प्रकारचे स्क्वॉट करा. आणि तेही नसेल जमत, तर दुसऱ्याचे मोजा. मी मोजलेत. शिवाय मोजता मोजता दुसऱ्याचं तंत्र दिसायला लागतं. माझा बार छातीपासून लांब जात होता, हे मला अकरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. १२० मारणाऱ्या त्या पोराची तीच चूक बघताना ते कळलं.

लोक तुम्हाला मीराबाई चानूचे व्हिडिओ पाठवत असतील. मलाही पाठवायचे, आणि मला राग यायचा. तिच्यामागे शिबिर आहे, फिजिओ आहे, आणि तेच तिचं काम आहे. मला सकाळी आठला कारखान्यात हजर व्हायचं असतं. पण व्हिडिओ बाजूला ठेवून नुसत्या तारखा बघा. २०१६ ला रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले. २०१७ ला जगज्जेती, १९४ किलो (स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून). २०१८ ला पाठीने आशियाई स्पर्धा घालवली. २०२१ ला टोकियोत रौप्य, २०२ किलो. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत खुब्याची दुखापत, चौथी. २०२४ ला पॅरिसला पुन्हा चौथी, पदक एका किलोने गेलं. यात सरळ वर जाणारी रेघ कुठे आहे? दुखापत म्हणजे रस्त्यात आलेला अपघात, असं आपण समजतो. या खेळात तो रस्त्याचाच भाग आहे, घाटातल्या वळणासारखा.

आपल्या सांगलीचा संकेत सरगर आठवतो? बर्मिंगहॅम २०२२, ५५ किलो गट. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तिसऱ्याला उभा राहिला. २४८ किलो, रौप्य, सोनं एका किलोने हुकलं. ते पाहून टाळ्या वाजवा, मीही वाजवल्या. पण ती राष्ट्रकुल स्पर्धा होती. मंगळवारच्या संध्याकाळी, गावातल्या जिममध्ये, समोर फक्त आरसा असताना ते करायचं नसतं.

दुखण्याच्या दिवसांत फिजिओबाईंनी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी कमाटीबागेत जायचो. तिथल्या म्युझियममध्ये गामा पैलवानाचा दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ ला त्याने तो उचलला असं सांगतात, वजन १२०० किलो. आता ऑलिम्पिक पद्धतीत डोक्यावर नेलेलं आजवरचं सगळ्यात मोठं वजन म्हणजे जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेचं २६७ किलो, तेव्हा "उचलला" म्हणजे नेमका किती, यावर मी गामाच्या भक्तांशी वाद घालत नाही. मला त्या दगडापाशी एकच विचार यायचा, की २४ डिसेंबरला त्याची कंबर कशी होती ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

बरं, अकरा महिन्यांनी १०० किलो परत उचललं, पेढे वाटले, आणि गोष्ट तिथे संपली नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. आमची जिम तळमजल्यावर. बारच्या बेअरिंगमध्ये गाळ, प्लेटांना गंज, पंचवीस दिवस बंद. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाउन. मग २०२२ ला उजवा गुडघा. पण गुडघ्याच्या वेळी मी जिन्यावर बसून रडलो नाही. सरळ वही काढली आणि नवीन पान केलं. एक दिलासा तेवढा खरा निघाला: गेलेली ताकद परत यायला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो. ८० वरून १०० ला जायला मला पूर्वी दोन वर्षं लागली होती, गुडघ्यानंतर पाच महिने.

११२ परत कधी आलं नाही. येईल असं वाटतही नाही. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं, विशेषतः वहीची जुनी पानं उघडली की. तुम्ही तरुण आहात, तुमचं येईल बहुधा. पण बरोबरीच्या मुलांशी वजनं ताडून बघायची सवय मात्र निदान सहा महिने बंद ठेवा. त्यांच्या सकाळच्या लेसचा हिशेब तुम्हाला माहीत नसतो.

खांद्यासाठी सकाळची परीक्षा म्हणून शर्ट घालणं घ्या, किंवा वरच्या फळीवरचा डबा काढणं. रोज तीच, त्याच वेळेला. वहीत आकडा लिहा. महिनाभराने इथेच खाली कळवा, मी बघेन.

माझी आजची नोंद: लेस उभ्याने, दोन्ही पाय. कंबर शून्य, गुडघा दोन. संध्याकाळी साडेसहा, फ्रंट स्क्वॉट ७०.