बागेतल्या कंदांना हिरव्या ठिपक्यांची पांढरी फुलं आली आहेत. हे कोणतं झाड?

तुम्ही म्हणता, घर घेतलं तेव्हाच हे कंद बागेत होते. आता वसंतात गुडघ्याएवढे दांडे आलेत, प्रत्येकावर चार-पाच पांढऱ्या घंटा खाली मान घालून लटकताहेत आणि सगळ्या पाकळ्यांच्या टोकाला हिरवा ठिपका आहे. एक अ‍ॅप स्नोड्रॉप सांगतं, दुसरं लिली ऑफ द व्हॅली. मला दोन्ही पटत नाहीत. हे स्नोफ्लेक आहे, शास्त्रीय नाव ल्युकोजम एस्टिव्हम.

एक फूल बोटाने हलकेच वर उचलून पाहा. स्नोड्रॉपच्या बाहेरच्या तीन पाकळ्या लांब असतात, आतल्या तीन आखूड, आणि हिरवी खूण बहुधा आतल्यांवरच असते. शिवाय दांड्याला फूल एकच. स्नोफ्लेकच्या सहाही पाकळ्या सारख्या आणि सहाही ठिपकेवाल्या. माझा तरी याच खुणेवर सगळ्यात जास्त विश्वास आहे, कारण उंची आणि फुलांची संख्या मातीप्रमाणे कमीजास्त होते. लिली ऑफ द व्हॅलीला तर कंदच नसतो. ती जमिनीखाली आडव्या पसरणाऱ्या खोडातून वाढते, पानं रुंद असतात आणि पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या.

पानांवरून तुम्हाला डॅफोडिल वाटलं, यात नवल नाही. दोन्ही एकाच कुळातली आहेत. फूल येईपर्यंत मीही माझ्याकडच्या झाडाला डॅफोडिलच समजत होते.

नावानेही घोटाळा होतो. 'एस्टिव्हम' म्हणजे उन्हाळ्यातलं, पण हे फुलतं वसंतातच. याचं भावंड ल्युकोजम व्हर्नम आणखी आधी फुलतं. ते बुटकं असतं आणि दांड्याला एखाददुसरंच फूल येतं, म्हणून तुमचं ते नव्हे.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या: हा कंद छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी आहे. अल्झायमरवर दिलं जाणारं गॅलँटामाइन या झाडातूनही काढतात, पण म्हणून ते घरी औषध म्हणून वापरायचं नाही. खणलेले कंद स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासूनही लांब ठेवा.

फुलं सरल्यावर पानं लगेच कापू नका. पुढच्या वर्षीच्या फुलांची शिदोरी तीच कंदात भरतात. ती आपणहून पिवळी पडली की दाट झालेले गड्डे सुटे करा आणि जिथे माती ओलसर राहते तिथे लगेच लावून टाका.