‘एवढी प्रार्थना करूनही शांती का मिळत नाही?’

परदेशात सेवाकार्यासाठी गेलेल्या ख्रिस्ती तरुणांकडून एक प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात वारंवार ऐकते. ‘मी देवाच्या कामासाठी इथे आले, रोज प्रार्थना करते, मग मला एवढे एकटे का वाटते, भीती का वाटते? माझा विश्वासच कमी पडतो आहे का?’ शब्द थोडेफार बदलतात, त्यामागची शरम मात्र तीच असते. घर सुटल्याचे दुःख या मुलांना पेलवते. त्या दुःखावरून स्वतःच्या श्रद्धेविषयी ती जो निष्कर्ष काढतात, तो त्यांना पेलवत नाही. म्हणून ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एका परिचारिकेची हकिगत येथे मांडते आहे.

ती मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली. पुण्यातील नोकरीतून रजा घेऊन, आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने, ती आफ्रिकेतील मलावी देशात ब्लँटायर शहराबाहेरच्या एका ग्रामीण रुग्णालयात काही महिन्यांसाठी गेली होती. पथकात केरळचे, नागालँडचे, मिझोरामचे सहकारी असल्यामुळे सकाळची सामुदायिक प्रार्थना इंग्रजीत होत असे. पाऊस सुरू झाला की तिथे मलेरिया वाढतो आणि त्याचा सर्वांत मोठा तडाखा पाच वर्षांखालील मुलांना बसतो. तिची नेमणूक नेमकी मुलांच्या वॉर्डात होती. तिथे संध्याकाळचे पाच वाजले की आपल्याकडे साडेआठ होतात; त्या वेळेला वीज असली तर आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत असू.

सुरुवातीला मी देवाविषयी काहीच विचारले नाही. झोप, जेवण आणि मलेरिया होऊ नये म्हणून घेत असलेली गोळी, एवढीच चौकशी केली. ती मेफ्लोक्विन घेत होती. या औषधाने काही जणांना भयंकर स्वप्ने पडतात, जीव घाबरा होतो, झोप उडते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्याच्याबाबत कडक इशारा दिलेला आहे. तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर तिची स्वप्ने थांबली. जिवाला कंटाळून झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि देवाचा प्रश्न त्याच्यापुढे आला तो त्यानंतर. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला हा क्रम मी कामात कधीच उलटा करत नाही.

झोप परतली, तरी मनातला सल तसाच राहिला. एके दिवशी ती म्हणाली, “ताई, आज मंडळीला महिन्याचं पत्र पाठवलं. देव आमच्यातून मोठं काम करतो आहे, असं लिहिलं. आणि पत्र पाठवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. मी खोटारडी आहे.”

मी विचारले, “लहानपणी तुला प्रार्थना करायला कोणी शिकवलं?”

“आजीनं.”

“ती कशी करायची?”

ती पहिल्यांदाच हसली. “आजी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापता थापता देवाशी बोलायची. बोलायची कसली, भांडायची. पाऊस नाही आला की म्हणायची, बाप म्हणवतोस ना, मग लेकरांकडं बघायला वेळ नाही होय तुला?”

“आणि तू तिथे रोज काय म्हणतेस?”

“थँक यू लॉर्ड, गिव्ह मी पीस.” ती बराच वेळ गप्प राहिली. “इथं आल्यापासून मी मराठीत प्रार्थनाच केली नाही, ताई.”

“आजीसारखी करायची झाली, तर आत्ता काय म्हणशील?”

उत्तर यायला वेळ लागला, आणि आले ते एका दमात आले. “मला इथं आणलंस आणि तू कुठं गेलास? काल रात्री ते पोर माझ्या हातात गेलं, तेव्हा तू कुठं होतास?” लगेच तोंडावर हात ठेवून ती म्हणाली, “हे पाप आहे ना?”

मी तिला स्तोत्रसंहिता उघडायला सांगितली. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. त्यानंतर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तिने मोठ्याने वाचले. ते अंधारातच संपते, त्याला आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ही तर ख्रिस्ताच्याच तोंडी वधस्तंभावर आली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे हेही प्रार्थनेतच मोडतं?”

माझ्या मते सगळी वाट येथेच वळली. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर माझे काम उभे आहे. धावून जाण्याची हक्काची जागा असेल, तर मूल लांबवर जाऊ शकते. आणि त्या जागी मूल हसत हसत जात नाही, बहुतेक वेळा रडतच जाते. श्रद्धेतून मिळणारा दिलासा मला याच जातीचा वाटतो. आपण बिथरलो तरी जवळ घेतले जाऊ, हा भरवसा म्हणजे तो दिलासा. ही मुलगी मात्र आधी शांत होऊन मग देवापुढे जाऊ पाहत होती, आणि शांत होता आले नाही म्हणून स्वतःला नापास ठरवत होती. धर्म आणि मानसिक ताण यांचा दीर्घ अभ्यास करणारे केनेथ पार्गमेंट यांनीही दाखवले आहे की, संकटात देव सोबत आहे असे मानणाऱ्याला श्रद्धा तारते, तर संकट ही शिक्षा आहे असे मानणाऱ्याचा मनस्ताप त्याच श्रद्धेने वाढतो.

पुढचा धडा तिला मलावीच्या बायकांनी दिला, आणि तो माझ्या खोलीत बसून कोणालाही देता आला नसता. दगावलेल्या मुलाच्या घरी ती रात्रजागरणाला गेली. तिथल्या रीतीप्रमाणे चर्चच्या महिलामंडळातील बायका रात्रभर त्या आईजवळ जमिनीवर बसून गात होत्या, मधूनच रडत होत्या आणि पुन्हा गात होत्या. चिचेवा भाषेतला एक शब्दही तिला कळत नव्हता. एका वयस्क बाईने तिच्या हातांवर पाणी ओतले, पुढ्यात मक्याच्या पिठाचा न्सिमा ठेवला आणि ती जेवेपर्यंत तिच्याजवळच बसून राहिली. “मी सांत्वन करायला गेले होते, ताई. त्यांनी माझंच केलं. मग मीही त्यांच्याबरोबर गायले, आपलं मराठीत, टिळकांचं.” नारायण वामन टिळकांनी अभंग-ओव्यांच्या वळणाने लिहिलेली गीते आपल्या मंडळ्यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे गायली जात आहेत, त्यांतले एक त्या रात्री मलावीत म्हटले गेले, याचे मला फार समाधान वाटते.

यानंतर तिचे रडणे थांबले असे नाही, पण रडल्याबद्दल तिने पुन्हा माफी मागितली नाही. ब्लँटायर हे नाव आफ्रिकेत गेलेल्या ज्या स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या जन्मगावावरून पडले, त्यांची पत्नी मेरी 1862 मध्ये झांबेझीकाठी तापाने गेली, तेव्हा त्यांनीही आता मरण आले तरी चालेल अशा आशयाचे रोजनिशीत लिहून ठेवले होते. हे मी तिला सांगितले, कारण सेवेला जाणाऱ्यांना थोरांच्या धैर्याच्या गोष्टी भरपूर ऐकवल्या जातात आणि त्यांचे खचणे गाळले जाते.

जाणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे की, निघण्यापूर्वीच एक माणूस ठरवून ठेवावा, ज्याला साक्ष किंवा अहवाल द्यायचा नाही, फक्त खरे सांगायचे. हा माणूस पथकाचा प्रमुख नसावा. दिवसातून एकदा तरी एकट्याने, आपल्या घरच्या बोलीत प्रार्थना करावी आणि तिच्यात तक्रारीला जागा ठेवावी. स्थानिक विश्वासणाऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून जावे, त्यांच्याकडून घ्यावे. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप-भूक परतली नाही, कामात लक्ष लागेनासे झाले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा, आणि गरज पडल्यास मुदतीआधी परत यावे. परत येणे म्हणजे देवाच्या पाचारणाला पाठ दाखवणे नव्हे.

घरच्यांनी आणि पाळकांनी फोनवर ‘प्रार्थना कर, सगळे ठीक होईल’ असे म्हणण्याची घाई करू नये. ‘आज काय जेवलीस?’ आणि ‘आज सगळ्यांत जड काय गेले?’ हे दोन प्रश्न आधी विचारावेत, आणि उत्तर पूर्ण ऐकून झाल्यावर, तिची तयारी असेल तर, फोनवरच तिच्यासोबत प्रार्थना करावी.